मेरीमाता व्हाया महाड

फ्रान्समधल्या लूर्दचं पाणी गार आणि आमच्या महाडजवळच्या सव गावच्या झऱ्याचं गरम. या एका मुद्द्यावर आम्ही जिंकतो. बाकी सगळ्या मुद्द्यांवर फ्रान्स पुढे आहे.

तिथे १८५८ साली बर्नादेत सुबिरू नावाच्या चौदा वर्षांच्या, गरिबाघरच्या पोरीला नदीकाठच्या कपारीत एक बाई दिसली. एकदा नव्हे, अठरा वेळा. बाईने सांगितलं म्हणून पोरीने जमीन उकरली. आधी चिखल आला, मग झरा लागला. आज तिथे जगभरातून लाखो माणसं येतात, आजाऱ्यांसाठी खास आगगाड्या सुटतात, आणि ते पाणी मेरीमातेच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून घरोघर जातं. बाटलीचं बूच म्हणजे मातेचा निळा मुकुट. मुकुट फिरवून काढायचा, घोटभर घ्यायचं, पुन्हा राज्याभिषेक करून बाटली फडताळात.

आमच्याकडे काय कमी आहे? सावित्रीचा काठ आहे, गंधकाचा वास आहे, खरूज-नायटा घेऊन दुरून आलेली माणसं आहेत. त्यांचे कपडे सांभाळत बसलेला आणि "फार वेळ बसू नको हां, चक्कर येईल" असं दर दोन मिनिटांनी बजावणारा नातेवाईकही आहे. नाही ती फक्त बर्नादेत. आमच्या पोरीला झऱ्यावर बाई दिसलीच तर ती घरी सांगणार नाही. सांगितलं तर आई मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकील, आजी भगताला बोलवायला लावील आणि बाप महिन्याच्या आत स्थळ बघायला लागेल. अर्थात बर्नादेतच्या गळ्यातही कुणी हार घातले नव्हते. फौजदाराने बोलावून उलटतपासणी घेतली, गावच्या फादरनी दरडावलं. देव दिसणाऱ्याचे हाल सगळीकडे सारखेच, फरक पडतो तो पुढच्या हिशेबात. लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. "मी बरा झालो" म्हणणाऱ्याचे कागद तिथे तपासले जातात. हजारोंनी दावे केले, पण चर्चने चमत्कार म्हणून शिक्का मारलेले प्रसंग आजवर सत्तरच्या जेमतेम पुढे. तेवढे आमच्याकडे एका हिवाळ्यात होतात. "माझ्या साडूचा नायटा गेला" एवढं पुरतं. नायटा कुठे होता, मलम कुठलं चालू होतं, हे विचारणं म्हणजे साडूचा अपमान.

मी कॅथलिक नाही. आमच्या आळीत एकही ख्रिस्ती घर नाही. नाताळ आला हे आम्हाला कळतं ते नातवाच्या दप्तरातून कापसाची दाढी निघते तेव्हा. तरी हा धर्म मला सारखा भेटतो आणि भेटला की घरचा वाटतो. कारण त्याला वस्तू लागतात. नुसते डोळे मिटून निर्गुणात बसणं त्याला जमत नाही. पाणी लागतं, तेल लागतं, मेणबत्ती, धूप, घंटा, मिरवणूक लागते, नवस लागतो, आणि नवस फेडायचा राहिला तर आतून टोचणीही लागते. शिकागोचे फादर अँड्र्यू ग्रीली हे समाजशास्त्रज्ञ, आणि वर खपाऊ कादंबऱ्या लिहिणारे. त्यांनी २००० साली 'द कॅथलिक इमॅजिनेशन' नावाचं पुस्तक काढून हेच मांडलं, की कॅथलिक माणसाला जग भारलेलं दिसतं, साध्यासुध्या वस्तूच्या आड देव दबा धरून बसलेला असतो. फादरना एकदा आमच्या आजीच्या देवघरापुढे बसवायला हवं होतं. त्यात बाळकृष्ण होता, टाक होते, शिर्डीची उदी होती आणि कुठल्याशा जत्रेतून आलेला एक गोटा होता. तो गोटा नक्की कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याला रोज आंघोळ होती. पुस्तकाला आणखी दोन प्रकरणं मिळाली असती.

गोव्यात सायबीण घरोघर फिरते. सायबीण म्हणजे मेरीमातेची मूर्ती. एका घरातून निघून दुसऱ्या घरी मुक्कामाला जाते, शेजारीपाजारी जमतात, माळ जपतात, लदीन गातात, मग उकडलेले चणे वाटतात. शिमग्यात आमची पालखी हेच करते. चण्यांच्या जागी नारळ आणि लदीनच्या जागी ढोल. आधी कुणाच्या दारात, यावरून आमच्याकडे पोलीस पाटलाला मध्ये पडावं लागतं. सायबिणीच्या बाबतीत असलं काही होत नसेल, हे मानायला मी तयार नाही. मला दोघांत एकच खरा फरक दिसतो. कॅथलिक माणूस चपला घालून देवळात जातो. त्यामुळे बाहेर आल्यावर त्याच चपला त्याच्या पायात असतात.

तर हा धर्म मला भेटतो कुठे? सगळ्यात जास्त रस्त्यावर. मुंबई-गोवा महामार्ग महाड-पोलादपूरवरून जातो. "काम चालू आहे" ही पाटी तिथे माझा नातू जन्मायच्या आधीपासून आहे आणि त्याच्या लग्नात मी ती वऱ्हाडाला दाखवणार आहे. नाताळच्या चार दिवस आधी आणि मे महिन्यात मुंबईचे गोंयकार याच रस्त्याने गावी निघतात. हॉटेलापुढे बस थांबते. फ्रॉकवाली आजी उतरते, तिच्या हातातला केकचा डबा ती कुणाच्याही हाती देत नाही. ते लोक वडा खात असतात तेव्हा मी बसच्या पुढच्या काचेतून आत डोकावतो. डॅशबोर्डवर हात पसरलेली मेरीमाता, तिच्या पायाशी लाल-निळा-हिरवा होणारा दिवा. आरशाला रोझरीची माळ. आणि बाहेर, बंपरला, ताजं लिंबू आणि सात मिरच्या.

एका चालकाला मी विचारलंच, "काय हो, माळ आहे, मग हे लिंबू कशाला?"

तो सुपारी कातरत म्हणाला, "काका, माळ देवासाठी. लिंबू लोकांसाठी."

सगळ्या धर्मांचं सार एका वाक्यात सांगून तो तोंड धुवायला गेला. त्याचं म्हणणं खरंच होतं. धर्म कुठलाही असो, या रस्त्यावरचा कशेडीचा घाट तोच होता. आता तिथे बोगदा झालाय, पण लिंबू काही कुणी काढलेलं नाही.

केरळच्या मासळीच्या ट्रकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्यावर घोड्यावरचा सेंट जॉर्ज असतो, भाल्याने एका सरड्यासारख्या अजस्र प्राण्याला भोसकणारा. घाटात अशा ट्रकच्या मागे दुचाकीवर अर्धा तास अडकलं, की तो प्राणी आपणच आहोत असं वाटायला लागतं. सेंट ख्रिस्तोफर मात्र मला आवडतो. प्रवाशांचा हा संत. गोष्ट अशी, की तो लोकांना खांद्यावर घेऊन नदीपार करायचा. एकदा एक पोर खांद्यावर घेतलं, मध्यावर त्याचं ओझं जगाएवढं झालं, आणि ते पोर निघालं येशू. चित्र पाहिलं की आमच्याकडचं कुठलंही मूल सांगेल, हा वसुदेव. टोपली तेवढी विसरलाय. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा गळ्याएवढ्या पाण्यातून पोरं खांद्यावर घेऊन निघालेल्या बापांना यातला कुठला फोटो दाखवला असता तरी ओळख पटली असती. रोमने १९६९ साली सणांच्या यादीची झाडाझडती घेतली आणि या ख्रिस्तोफरचं नाव जगाच्या यादीतून काढलं. ड्रायव्हरांनी काही त्याला डॅशबोर्डवरून काढलं नाही.

रस्त्यानंतर पोट. सकाळी उजाडताना सायकलच्या कॅरिअरला निळ्या प्लास्टिकखाली लाद्या बांधून पाववाला येतो. भोंगा असा वाजवतो की कोंबड्याने बदलीचा अर्ज द्यावा. आता कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एक गोष्ट हमखास असायची. पोर्तुगीज म्हणे रात्री विहिरीत पाव टाकायचे. सकाळी गाव पाणी प्यायचं आणि मग कळायचं की अख्खं गाव बाटलं. त्याच पावाची लादी आज माझ्या ताटात मिसळीच्या शेजारी असते, वड्याला पोटात घेते, आजाऱ्याला चहात बुडवून दिली जाते. विहिरीत पडलेल्या एका पावाने गाव ख्रिस्ती होत असेल, तर दर सकाळी चार पाव खाणारा मी एव्हाना निदान बिशप व्हायला हवा होतो.

अर्थात, पाणी बाटण्याच्या गोष्टीवर महाडकराने फार मोठ्याने हसू नये. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायले. मागाहून गावच्या सोवळ्या मंडळींनी शेण-गोमूत्र घातलेल्या घागरी ओतून ते तळं "शुद्ध" करून घेतलं. विहिरीतला पाव निदान परमुलखातून आलेला होता.

आणि हे सोवळं घंटेच्या वेळी कुठे जातं, तेही कळत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांना वाटल्या. आमच्याच जिल्ह्यात पालीच्या बल्लाळेश्वरापुढे अशी एक घंटा आहे, भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढलात, महाबळेश्वर ओलांडून वाईला उतरलात, की मेणवलीचा घाट लागतो. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचं पाणी, मेणेश्वराचं देऊळ, आणि तिथे टांगलेली १७०७ सालची भलीमोठी घंटा. जवळ जाऊन बघा. धातूत बाळ येशूला घेतलेली मेरी उठवलेली आहे, शेकडो वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. 'स्वदेस' सिनेमातलं गाव ते हेच. सिनेमा बघून येणारी मंडळी पायऱ्यांवर शाहरुख खानसारखे बसून फोटो काढतात आणि मेरीमातेला पाठ दाखवून परत जातात. महादेवाची मात्र काही तक्रार नाही. आपल्याला उठवायला रोज कोण येतंय, हे त्याने कधी विचारलेलं दिसत नाही.

आता रायगडाच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने जरा जपून सांगावी अशी एक गोष्ट. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराज गोव्यावर चालून गेले. जुव्याचा किल्ला पडला, राजधानी हाकेच्या अंतरावर आली. पोर्तुगीज व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, यांच्यापुढे प्रश्न पडला की आता करायचं काय. फौज अपुरी, पैसा अपुरा. तेव्हा ते थेट बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेले, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड, नेमणुकीचे कागद आणि एक लेखी अर्ज संताच्या हवाली केला. सारांश असा, की साहेब, आता राज्य तुम्हीच सांभाळा. संत १५५२ साली वारलेले. म्हणजे मृत्यूनंतर १३१ वर्षांनी त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार आला. त्यातून उजवा हात १६१४ सालीच कापून रोमला नेलेला, त्यामुळे चार्ज डाव्या हाताने घ्यावा लागला असणार.

हे वाचून मी हसलो नाही, कारण मी सरकारी नोकरीत होतो. अडचणीची फाईल रजेवर असलेल्या माणसाच्या टेबलावर सरकवण्याची ही कला मी चांगली ओळखतो. महाराज मागे फिरले. मराठी इतिहासकार सांगतात की शहाआलम मोगली फौज घेऊन कोकणात उतरत होता म्हणून. गोंयकार सांगतात की गोंयच्या सायबाने वाचवलं. दोघांचं खरं मानायला मला अडचण नाही. मात्र त्यामुळे औरंगजेबाचा मुलगा आणि सेंट झेवियर एकाच बाजूला बसतात, हे दोघांनाही आवडलं नसतं. व्हाइसरॉयांनी मात्र धडा घेतला. पुढे कितीतरी वर्षं नवा व्हाइसरॉय आला की संताच्या पेटीपाशी जाऊन त्यांच्याकडूनच सूत्रं घ्यायचा.

सेंट अँथनीला तर पोर्तुगीजांनी रीतसर फौजेत भरती केलं होतं. पोर्तुगालातल्या लागूशच्या पलटणीत १६६८ साली साधा शिपाई, १६८३ साली कॅप्टन. गृहस्थ वारले १२३१ मध्ये. मेल्यावर साडेचारशे वर्षांनी बढती! आमच्या खात्यात हयात माणसांना तेवढी आशा नव्हती. हरवलेली वस्तू सापडवून देणं हे या अँथनीचं मुख्य काम. किल्ली हरवली, अंगठी हरवली, की त्याला साकडं घालायचं. आमच्याकडे म्हैस हरवली तर गुरवाकडे जाऊन देवाला कौल लावतात. उजवा कौल पडला तर म्हैस सापडते, डावा पडला तर ती शेजारच्या गावात आधीच कुणाला तरी सापडलेली असते.

पण या सगळ्यात माझी खरी गुरू म्हणजे माझी आत्या. माहेर पोलादपूरकडचं, संसार लोअर परळच्या चाळीत, नवरा गिरणीत. तिने आठवड्याचं वेळापत्रक बांधलं होतं, त्याला रेल्वेने नमस्कार करावा. सोमवार बाबुलनाथ, मंगळवार सिद्धिविनायक, बुधवार माहीमचं चर्च, गुरुवार साईबाबा, शुक्रवार महालक्ष्मी, शनिवार मारुती. रविवारी मटण. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारचा नोव्हेना १९४८ च्या सप्टेंबरात सुरू झाला. नऊ बुधवार करायचे. सोळा सोमवार करून बसलेल्या बाईला नऊ बुधवार म्हणजे सवलतच वाटली. "नऊच तर आहेत," ती म्हणायची, "आणि उपास पण नाही."

मी एकदा म्हटलं, "आत्या, तिथे सगळं इंग्रजीत चालतं. तू काय सांगतेस, मेरीमातेला काय कळतं?"

"मेल्या, आईला मराठी कळत नाही होय? पोराला खांद्यावर घेऊन उभी आहे. अशा बाईला सांगायला भाषा लागते कधी?"

तिला ठाऊक नव्हतं, पण मेरीमातेला मराठी चारशे वर्षांपासून येतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस. त्याने 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत रचलं आणि १६१६ साली गोव्यात छापून घेतलं. तोवर तुकोबांची मिसरूडही फुटायची होती. मग व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, १९६२ ते ६५ मध्ये, लॅटिनची सक्ती सैल केली आणि वसईच्या चर्चमधून मिस्सा मराठीत होऊ लागली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आत्याच्या चाळीत ही बातमी कळली तेव्हा ती म्हणाली, "बघ. मी म्हटलं नव्हतं?" जणू निवड तिच्या बुधवारांमुळे झाली होती.

सप्टेंबरात ती वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेलाही जायची. तिथे चर्चच्या वाटेवर मेणाच्या वस्तू मिळतात. गुडघा दुखतोय तर मेणाचा पाय, पोर हवंय तर मेणाचं बाळ, घर हवंय तर मेणाचं घर. हवं ते विकत घ्यायचं आणि मातेपुढे ठेवायचं. अर्ज लिहिण्याची ही सगळ्यात सोपी पद्धत, कारण त्यात शुद्धलेखन नाही. आत्याने एका वर्षी मेणाचं घर वाहिलं. बारीक दारं-खिडक्यांचं, पांढरं, बोटभर उंचीचं. काही काळाने म्हाडाच्या सोडतीत माझ्या आतेभावाला खरंच घर लागलं. विरारला. आत्याने मातेला दोष दिला नाही. "माझीच चूक," ती म्हणाली, "घर ठेवताना 'दादर' म्हणायचं राहिलं."

सिनेमात हा धर्म आम्हाला भेटला तो 'अमर अकबर अँथनी'त. १९७७ साली कोकणच्या तंबू-थिएटरांतही लोकांनी अमिताभला येशूशी थेट बोलताना पाहिलं आणि कुणालाच काही खटकलं नाही. आमच्याकडे गुरव गाऱ्हाणं घालतो, तेव्हा देवाशी असंच बोलतो. केलेल्या कामाची यादी, राहिलेल्या कामाची आठवण, थोडी धमकी, आणि दर वाक्यामागे गावाचं "होय महाराजा". चर्चमधल्या लितनीत लोक दर संताच्या नावामागे "आमच्यासाठी विनंती कर" म्हणतात, त्याच ठेक्यात. त्या सिनेमातल्या नायकाचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं. ते गोन्साल्विस झालं संगीतकार प्यारेलालजींमुळे, कारण ज्यांच्याकडे ते व्हायोलिन शिकले ते गुरू, अँथनी गोन्साल्विस, खरे होते, माजोर्ड्याचे गोंयकार. ते आणि सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड असे कितीतरी वादक-संयोजक गोव्याहून आले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना प्रार्थनेसाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरं मोठी होऊन मुंबईच्या स्टुडिओत बसली. म्हणजे महाडच्या स्टँडवर चहाच्या टपरीत जुनी गाणी लागतात तेव्हा नायिकेच्या विरहामागे जी पंचवीस व्हायोलिनं रडतात, त्यांतली बरीचशी मुळात देवापुढे वाजायला शिकलेली आहेत. आमच्या टपरीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तरीच गाणं संपल्यावर लोक पैसे न देता जातात. प्रसाद समजत असतील."

भुताच्या सिनेमांनी मात्र गोंधळ केला. रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली आमच्याच डोक्यावर, महाबळेश्वरला चित्रित केला. त्यांच्या सिनेमांत ओम, त्रिशूळ, क्रॉस, जे हाताशी असेल ते भुताला दाखवतात. तेव्हापासून आमच्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं, की क्रॉस पाहिला की भूत पळतं. समर्थांची शिवथरघळ इथून जवळ. ज्या तालुक्यात तिन्हीसांजेला भीमरूपी म्हटल्याशिवाय पोरांना परसात सोडत नाहीत, तिथे ही पोरं दोन काटक्यांना सुतळी बांधून क्रॉस करून खिशात ठेवायची. मी त्यांना हद्दीचा प्रश्न समजावून सांगितला. ड्रॅक्युला कॅथलिक मुलखाच्या कडेला वाढलेला, त्याला क्रॉसचं भय असणार. आपल्याकडे मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. गिऱ्ह्याला क्रॉस दाखवलात तर तो म्हणेल, बेरजेचं चिन्ह काय दाखवतोस, गणिताचा मास्तर आहेस का.

आणि मग मे २०२५. पोप फ्रान्सिस एप्रिलात गेले, नव्या पोपची निवड ७ आणि ८ मेला झाली, १३३ कार्डिनल आत आणि बाहेर सगळं जग चिमणीकडे बघत. काळा धूर म्हणजे निर्णय नाही, पांढरा म्हणजे पोप झाला. महाडच्या हॉटेलात टीव्ही चालू होता. आमच्याकडे औद्योगिक वसाहत असल्यामुळे चिमणीच्या धुराचा रंग बघून अंदाज बांधणं कुणाला शिकवावं लागत नाही. पिवळा आला तर काय, असंही एकाने विचारलं.

मी त्यांना कॉन्क्लेव्हचा इतिहास सांगितला. तेराव्या शतकात विटेर्बोला कार्डिनल लोक पोप निवडायला बसले ते १२६८ पासून १२७१ पर्यंत उठलेच नाहीत. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कुलूप घातलं, खाणं तोडलं आणि वर छप्परही उतरवलं. तेव्हापासून कुलूप ठरून गेलं. मोबाइल नाही, बाहेरच्यांशी बोलणं नाही, निकाल लागेपर्यंत सुटका नाही.

"यात नवीन काय?" कोपऱ्यातला एक जण म्हणाला. त्याच्या गावात नुकतीच उपसरपंचाची निवड झालेली. "आमचे पाच सदस्य चार दिवस महाबळेश्वरला कोंडले होते. मोबाइल काढून घेतले. खाणं मात्र तोडलं नाही, म्हणून चार दिवस लागले."

तेवढ्यात पडद्यावर पांढरा धूर आला. घंटा वाजायला लागल्या, चौकात लोक धावायला लागले. अमेरिकेत जन्मलेले, पेरूत राबलेले कार्डिनल प्रीव्होस्ट आता लिओ चौदावे झाले होते. हॉटेलात क्षणभर सगळे खरंच गप्प बसून बघत होते. मग गल्ल्यावरच्या मालकाने आवाज कमी केला.

"कुठल्या गटाचे?"

मी म्हटलं, "ऑगस्टिनियन."

"ते नाही हो. आपल्या साहेबांच्या की त्यांच्या साहेबांच्या?"